वकीलपत्र

"बाबा, लोक पॅरिसला येऊन आयफेल टॉवर बघतात. तुम्ही वकिलांच्या नावाच्या गल्ल्या कसल्या शोधताय?"

लेक चालता चालता म्हणाली. तिची सुट्टी माझ्यापायी वाया चालली होती, तेव्हा तिचंही बरोबरच होतं. पण टॉवर दोनदा बघून झाला होता. आणि तालुक्याच्या कोर्टात अडतीस वर्षं काळा कोट घातलेल्या माणसाला एका चर्चभोवती चार वकिलांच्या नावाचे चार रस्ते आहेत असं कळलं, तर तो बघायला जाणारच.

चर्चचं नाव मादलेन. दिसायला चर्च कमी आणि खांबाखांबांचं ग्रीक देऊळ जास्त. त्याच्या पाठीमागून उत्तरेला निघतो तो त्राँशेचा रस्ता. एका अंगाला दसेझचा. दुसऱ्या अंगाला मालशेर्बचा रुंद रस्ता, आणि त्याला जाऊन मिळणारी आखूडशी गल्ली शोव्हो-लागार्दची. पहिल्या तिघांनी १७९२ च्या डिसेंबरात सोळाव्या लुईचं वकीलपत्र घेतलं होतं. चौथ्यानं दहा महिन्यांनी राणीचं. नवराबायकोची प्रेतं इथून जवळच, मादलेनच्या जुन्या कबरस्तानात पुरली होती. हरलेल्या खटल्यातल्या वकिलांची नावं रस्त्यांना देणारं दुसरं गाव मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे हरलेल्या वकिलाचं नाव पक्षकार फक्त चहाच्या टपरीवर काढतो, आणि तेही विशेषणं लावून.

ज्या माणसापायी मी हे सगळं वाचत बसलो होतो, त्याच्या नावाचा रस्ता मात्र आज पॅरिस शहरात शोधून सापडत नाही. तोही वकीलच होता. मॅक्सिमिलियाँ रोबेस्पिएर.

शाळेत त्याची ओळख टिपेपुरती. ‘दहशतीचे राज्य यावर थोडक्यात टीप लिहा.’ आणीबाणी उठल्यानंतरच्या दिवसांत लॉ कॉलेजच्या होस्टेलवर तो पुन्हा भेटला, तेव्हा तो आमच्यातल्या काहींचा हिरोच झाला. त्याला लोक ‘न विकला जाणारा’ म्हणायचे. सत्तेत असताना तो एका सुताराच्या घरात भाड्यानं राहायचा. घर केलं नाही, जमीन केली नाही, नातेवाईक चिकटवले नाहीत. एवढ्यावर विशीतला मराठी मुलगा कुणालाही देवघरात बसवतो. त्यानं किती माणसं मारली हे आम्हाला माहीत होतं. पण ‘काळच तसा होता’ हे वाक्य त्या वयात फार हाताशी असतं.

पुढे वकिली करायला लागल्यावर मी त्याचं आधीचं आयुष्य वाचलं, आणि घोटाळा तिथे सुरू झाला. १७५८ साली आरास गावात जन्म. सहा वर्षांचा असताना आई बाळंतपणात गेली, बाप पुढे परागंदा झाला. हुशारीवर शिष्यवृत्ती मिळाली, पॅरिसला शिकला, वकील होऊन गावी परतला. सँतोमेर नावाच्या गावात एका गृहस्थानं छपरावर विजेपासून बचावाची सळई बसवली होती. शेजारी घाबरले. ही सळई वीज ओढून आणणार आणि आमच्या घरांवर पाडणार! गावच्या कारभाऱ्यांनी ती काढायचा हुकूम दिला. १७८३ मध्ये पंचवीस वर्षांच्या रोबेस्पिएरनं अपिलात सळईची बाजू मांडली आणि खटला जिंकला. मग आपला युक्तिवाद छापून घेतला आणि त्याची प्रत थेट या सळईचा शोध लावणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनला धाडली. पहिला गाजलेला निकाल खिशात घालून हिंडणारे ज्युनियर मी पुष्कळ पाहिलेत. मीही त्यातलाच होतो. दुसरा खटला एका दोर वळणाऱ्याचा. एका मठातल्या साधूनं त्याच्यावर चोरीचा आळ घेतला होता. हा दोरवाल्याच्या बाजूनं उभा राहिला.

याच काळात बिशपच्या न्यायालयात त्याला न्यायाधीश म्हणूनही नेमलं होतं. तिथे एका खुन्याच्या मृत्युदंडावर सही करायची वेळ आली. घरी आल्यावर दोन दिवस त्याच्या घशाखाली अन्न उतरलं नाही, असं त्याच्या बहिणीनं आठवणींत लिहून ठेवलंय. खोलीत फेऱ्या घालत तो म्हणत राहिला, "तो दोषी आहे हे मला माहीत आहे, तो नीच आहे, पण माणसाला मारायचं!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढे फार छळणार होतं.

१७८९ मध्ये तो प्रतिनिधी म्हणून सभागृहात गेला. तिथली त्याची भाषणं आजही वाचवतात. मत द्यायला अमुक इतका कर भरलेला असला पाहिजे, या अटीविरुद्ध तो बोलला. ज्यूंना आणि नाटकवाल्यांना नागरिक म्हणून हक्क मिळावेत म्हणून बोलला. डिसेंबर १७९० च्या एका भाषणात त्यानं राष्ट्रीय रक्षक दलाच्या गणवेशावर ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हे तीन शब्द असावेत असं सुचवलं. आमच्या कोर्टात संविधानाच्या उद्देशिकेची तसबीर आहे, तिच्यात हेच शब्द. डॉ. आंबेडकरांनी १९५४ च्या रेडिओवरच्या भाषणात निक्षून सांगितलं होतं की हे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाहीत, आपल्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतलेत. ‘बाबासाहेब एवढा हट्ट का धरतात?’ असं मला लहानपणी वाटायचं. १७९३ मध्ये पॅरिसच्या भिंतींवर ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता, नाहीतर मृत्यू’ असं रंगवलेलं असे, हे वाचल्यावर पुन्हा वाटलं नाही. शांफोर नावाच्या एका तिरकस लेखकानं त्याचा अर्थ लावला होता: माझा भाऊ हो, नाहीतर तुला मारीन.

३० मे १७९१ ला सभागृहात मृत्युदंड रद्द करावा की नाही यावर चर्चा चालू होती. रोबेस्पिएर रद्द करा म्हणत होता. त्याचा मुद्दा कुठल्याही बचावाच्या वकिलानं पाठ करावा असा. पकडलेल्या शत्रूची कत्तल करणाऱ्या विजेत्याला आपण रानटी म्हणतो. ज्याला सहज निःशस्त्र करता येईल अशा मुलाचा गळा चिरणाऱ्या प्रौढाला राक्षस म्हणतो. मग समाजापुढे उभा केलेला आरोपी तरी कोण असतो? हरलेला, हातपाय बांधलेला शत्रूच ना? आणि माणसाचा निवाडा चुकू शकतो, हेही तो बोलला. सभागृहानं त्याचं ऐकलं नाही. मृत्युदंड राहिला, फक्त सगळ्यांची मान सारख्याच तऱ्हेनं तोडायची असं ठरलं. पुढच्या वर्षी २५ एप्रिलला नवं यंत्र, गिलोटिन, पहिल्यांदा चाललं, एका वाटमाऱ्यावर.

त्या भाषणानंतर दीडच वर्षानं, ३ डिसेंबर १७९२ ला, राजाच्या खटल्यावर हाच माणूस उभा राहिला. ते भाषण मी कितीदा वाचलंय कोण जाणे. वकील म्हणून सांगतो, ती एक प्राथमिक हरकत आहे. मुद्दा अधिकारक्षेत्राचा. लुई इथे आरोपी नाही, तुम्ही न्यायाधीश नाही, इथे खटलाच उभा राहत नाही. का? तर राजावर खटला चालवायचा म्हणजे तो निर्दोष ठरू शकतो हे आधी मान्य करायचं. निकाल लागेपर्यंत त्याला निर्दोषच धरायचं. आणि तो निर्दोष असू शकत असेल, तर मग क्रांतीचं काय? तीच गुन्हेगार ठरणार ना?

तर्क बिनतोड आहे. वाचताना अंगावर काटा येतो तो त्याच्या सफाईमुळे. आपल्या जुन्या भाषणाचीही त्यानं त्यातच आठवण काढली. मृत्युदंड मला नको आहे, म्हणाला, पण देश जगायचा तर लुईनं मेलंच पाहिजे. अपवाद एकच. एवढा एकच. माझ्या ऑफिसात आलेला प्रत्येक पक्षकार असंच म्हणायचा: "वकीलसाहेब, एवढ्या एका कामापुरतं."

सभागृहानं तेव्हा तरी त्याचं पुरतं ऐकलं नाही. राजावर खटला चालला, त्याला वकील मिळाले. त्यातला मालशेर्ब एकाहत्तर वर्षांचा. जुना मंत्री, घरी निवांत बसलेला. त्यानं आपण होऊन पत्र लिहिलं, राजाचं काम मी करीन. खटला हरला. २१ जानेवारी १७९३ ला राजाची मान गेली. मालशेर्बची पंधरा महिन्यांनी, २२ एप्रिल १७९४ ला. मुलगी, नात, नातजावई, सगळे एकाच दिवशी. तुरुंगातून निघताना त्याला ठेच लागली, आणि "रोमन माणूस असता तर इथूनच माघारी फिरला असता" असं तो म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. ठेच लागली की थांबायचं, हे आपल्याकडचंही शास्त्र. त्याला ती सोय नव्हती.

मधले महिने भराभर सांगतो, कारण ते कुठल्याही पुस्तकात मिळतात. ऑस्ट्रिया, प्रशिया, इंग्लंड, स्पेन सगळे अंगावर आलेले. वाँदे प्रांतात बंड, लिआँ शहर फिरलेलं, तुलाँ बंदर इंग्रजांच्या ताब्यात, पॅरिसमध्ये पावासाठी रांगा. युद्ध नको असं जानेवारी १७९२ मध्ये सांगणारा रोबेस्पिएरच होता. हत्यारं घेऊन आलेले धर्मप्रचारक कुणालाच आवडत नाहीत, असं त्याचं वाक्य आहे. ऐकलं असतं तर? जाऊ द्या. मार्च १७९३ मध्ये क्रांतिकारी न्यायाधिकरण आलं, एप्रिलमध्ये देशाचा कारभार हाकणारी लोकसुरक्षा समिती. २७ जुलैला रोबेस्पिएर त्या समितीत गेला. १७ सप्टेंबरला संशयितांचा कायदा झाला. वागण्यानं, संगतीनं, बोलण्यानं किंवा लिहिण्यानं जो जुलमाच्या बाजूचा वाटेल तो संशयित. नवी राज्यघटना लिहून तयार होती. ती ‘शांतता होईपर्यंत’ बाजूला ठेवली. ती पुढे कधीच लागू झाली नाही.

५ फेब्रुवारी १७९४ चं भाषण सगळ्यांना ठाऊक असतं. दहशत म्हणजे दुसरं काही नाही, तत्पर, कठोर, न वाकणारा न्याय. म्हणून ती सद्गुणातूनच निघते. सद्गुणाविना दहशत घातक, दहशतीविना सद्गुण दुबळा. याच्या आदल्याच दिवशी त्याच सभागृहानं वसाहतींमधली गुलामगिरी रद्द केली होती. ही दोन्ही पानं एकाच वहीत आहेत, आणि त्यातलं एक फाडून टाकून दुसरं वाचायची मुभा मला तरी वाटत नाही.

त्याच्या ‘सद्गुण’ या शब्दासाठी मी बरीच वर्षं मराठी शब्द शोधत होतो. चारित्र्य म्हणावं तर ते फार खाजगी. नीती म्हणावं तर फार शाळकरी. शेवटी आजीच्या स्वयंपाकघरात सापडला. सोवळं. आजी सोवळ्यात असली की आम्ही मुलं दोन हात लांब. तिचा राग नसायचा, उलट ती फार मायाळू होती. पण चुकून धक्का लागला की सगळं मोडायचं, पुन्हा अंघोळ, पुन्हा पहिल्यापासून. सोवळ्यातल्या माणसाला इतरांनी काय केलं हे विचारायचं कारणच पडत नाही. कोण कुणाला शिवलं एवढं पुरतं. रोबेस्पिएरनं क्रांतीला सोवळं नेसवलं. आधी राजेवाले विटाळले, मग सभागृहातले मवाळ, म्हणजे जिराँदवाले, मग एबेरचे अतिजहाल, मग दांताँचे नरमलेले.

दांताँ हा क्रांतीतला दुसरा मोठा पुढारी, रोबेस्पिएरच्या अगदी उलट. धिप्पाड, खादाड, पैशाच्या बाबतीत हात फारसे स्वच्छ नसलेला. त्याच्यावरच्या आरोपपत्रासाठी रोबेस्पिएरनं समितीतल्या आपल्या साथीदाराला, सँ-ज्यूस्तला, आपल्या हातानं टिपणं काढून दिली होती. ती आजही वाचायला मिळतात. त्यात एक नोंद अशी की सद्गुण हा शब्द काढला की दांताँ हसायचा. म्हणायचा, मी रोज रात्री बायकोबरोबर जो करतो त्याहून भक्कम सद्गुण दुसरा नाही. आता हा टवाळ विनोद आहे. दोन मित्रांत, जेवणानंतर करतात तसला. सरकारी पुराव्यांच्या यादीत तो चढतो, तेव्हा यादी करणाऱ्याविषयी जास्त कळतं.

दांताँबरोबर कामीय देमुलाँ होता. रोबेस्पिएरचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या लग्नात हा साक्षीदार. देमुलाँनं आपल्या वृत्तपत्रातून लिहायला घेतलं होतं की तुरुंग उघडा, एक क्षमेची समिती नेमा. जानेवारीत क्रांतिकारकांच्या जाकोबँ क्लबमध्ये रोबेस्पिएरनं त्याला वाचवायचा आपल्या परीनं प्रयत्न केला. पोरगं वाह्यात आहे, मनानं वाईट नाही, त्याचे अंक जाळून टाका आणि त्याला सोडा, असा सूर. देमुलाँ ताडकन म्हणाला, "जाळणं म्हणजे उत्तर देणं नव्हे." वाक्य रूसोचं होतं, रोबेस्पिएरच्या दैवताचं. कॅरमच्या सोंगटीसारखं ते बरोबर खिशात गेलं. काही वाक्यांची किंमत फार पडते.

त्या दोघांना अटक करायच्या हुकमावर समितीतल्या रोबेर लँदेनं सही केली नाही. मी इथे नागरिकांना खाऊ घालायला आहे, देशभक्तांना मारायला नाही, असं तो म्हणाला. रोबेस्पिएरनं केली. खटला एप्रिलच्या सुरुवातीला चार दिवस चालला. दांताँनं साक्षीदार मागितले, ते बोलावले नाहीत. त्याचा आवाज खिडकीबाहेरच्या गर्दीला ऐकू जायला लागला तेव्हा सभागृहाकडून घाईघाईनं एक ठराव आणला. न्यायाचा अपमान करणाऱ्या आरोपीला कामकाजातून बाहेर काढता येईल. देमुलाँनं लिहून आणलेला बचाव वाचताच आला नाही. त्यानं कागदांचा चोळामोळा करून न्यायाधीशांच्या दिशेनं फेकला. ५ एप्रिलला दोघं गेले. आठ दिवसांनी देमुलाँची बायको ल्युसिलही.

आणि मग १० जून १७९४. त्यांच्या नव्या पंचांगातला २२ प्रेरियाल. कायदा मांडला समितीतल्या कुताँनं, पण त्याच्यामागे रोबेस्पिएर. काही सभासद म्हणाले, आज नको, वाचायला वेळ द्या. रोबेस्पिएर उठला आणि आजच मंजूर करा म्हणाला. झाला.

त्याचं सोळावं कलम मी फ्रेंच शब्दकोश घेऊन, लेकीला दोनदा फोन करून, शब्दाशब्दानं लावून घेतलंय. ‘आळ आलेल्या देशभक्तांना बचावासाठी कायदा देशभक्त ज्यूरी देतो, कटवाल्यांना तो बचाव देत नाही.’ बस, एवढंच. वकील काढून टाकायला एक वाक्य पुरलं. आता यातला तिढा बघा. समोरचा देशभक्त की कटवाला, हेच तर ठरवायचं आहे! कायदा म्हणतो, ते ठरलेलं आहे. देशभक्त असशील तर वकील कशाला हवा? आणि वकील मागतोस म्हणजे तू कोण, ते कळलंच. निकाल दोनच, सुटका किंवा मृत्यू. पुरावा ‘नैतिक’ असला तरी चालेल. खोट्या बातम्या पसरवणारे, लोकांचं मनोधैर्य खचवणारे, सगळे जनतेचे शत्रू.

हे लिहिण्यामागे कुणी अडाणी शिपाईगडी नव्हता. दोरवाल्याच्या बाजूनं उभा राहिलेला, उलटतपासात खोटा साक्षीदार कसा फुटतो हे माहीत असलेला माणूस होता. मला वाटतं, वकिलीच्या धंद्याबद्दल त्याला शिसारी आली असावी. ती प्रत्येक वकिलाला एकदा येते. समोरचा खोटा आहे हे दिसत असतं आणि तरी तारखांवर तारखा पडत असतात. त्याची ज्यूरीबद्दलची श्रद्धा मात्र खरी होती. त्याचा घरमालक द्युप्ले, ज्याच्या सुतारवाड्यात तो राहायचा, तोच त्या न्यायाधिकरणावर ज्यूरी होता. सरळमार्गी, कष्टाळू, घरचाच माणूस. अशी माणसं बसली तर चूक होईलच कशी?

मार्च १७९३ पासून त्या दिवसापर्यंत पॅरिसच्या न्यायाधिकरणानं १,२५१ माणसं मारली होती. पुढच्या सात आठवड्यांत १,३७६.

आम्ही पिकप्यूच्या कबरस्तानात गेलो तो दिवस ढगाळ होता. जूनमध्ये यंत्र शहराच्या पूर्वेला हलवलं होतं, आणि जवळच्या एका मठाच्या बागेत दोन खड्डे खणले होते. सहा आठवड्यांत तिथे १,३०६ प्रेतं टाकली. चॅपेलच्या भिंतींवर संगमरवरात सगळ्यांची नावं आहेत. नाव, वय, धंदा. मी उमराव शोधायला गेलो होतो. सापडलेही, पण निम्म्याहून जास्त माणसं साधीच. मान मागे करून मी ओळी वाचत गेलो, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की मी नावं सोडून फक्त धंदे वाचतोय, आमच्या बोर्डावरच्या आरोपींचे वाचतो तसे. सोळा जोगिणी आहेत, कोंपियेञच्या मठातल्या, १७ जुलैच्या. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपण किती सैल वापरतो. लेक खालच्या बाकावर बसून फोनवर ऑफिसचं काम करत होती. "झालं का?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो, झालं नव्हतं तरी.

कारण मला माझं ऑफिस आठवत होतं.

नव्वदीच्या दशकात आमच्या तालुक्यात एक गुन्हा घडला. तपशील सांगत नाही. एक लहान मूल होतं, एवढं पुरे. गाव दोन दिवस बंद होतं. तिसऱ्या दिवशी बारच्या, म्हणजे वकील संघाच्या खोलीत बैठक झाली. ठराव एका ओळीचा, आरोपीचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही. अध्यक्षांनी वाचून दाखवला आणि "कुणाची हरकत?" असं विचारलं. पंखा कुरकुरत होता. संविधानाचा अनुच्छेद २२ मला पाठ होता. अटक झालेल्या माणसाला पसंतीच्या वकिलाचा सल्ला आणि त्याच्याकडून बचाव. पण त्या खोलीत तो उच्चारला असता तर पुढचा प्रश्न काय येणार हेही माहीत होतं: म्हणजे तुम्ही त्याच्या बाजूचे का? मी हात वर केला. ‘ठराव एकमताने मंजूर.’ खोलीतून बाहेर पडताना आम्ही सगळे एकमेकांशी नेहमीपेक्षा चांगले वागलो. वर्षानुवर्षं ज्याच्याशी अबोला होता त्यानं मला त्या दिवशी चहा पाजला.

चार दिवसांनी आरोपीचा बाप आला. कोर्टाबाहेरच्या स्टॅम्पवाल्याकडून त्यानं वकीलपत्राचा छापील कागद आणला होता, तिकीट आधीच चिकटवून. घड्या घालून घालून तो मधोमध विरला होता, म्हणजे माझ्याआधी बऱ्याच टेबलांवर उलगडला गेला असणार. मी आतल्या खोलीत होतो. दाराच्या फटीतून तो कागद मला दिसत होता. मी कारकुनाला म्हणालो, "साहेब बाहेरगावी गेलेत म्हणून सांग." मधलं पार्टिशन हार्डबोर्डचं. माझा आवाज त्याला ऐकू गेला असणार. तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा घडी घालायला लागला.

पुढे कोर्टानं बाहेरून वकील नेमून दिला. खटला चालला, शिक्षा झाली. तो दोषीच होता असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. निर्दोष माणूस अडकला म्हणून मी हे सांगत नाहीये. मी हात वर केला तेव्हा आरोपपत्रसुद्धा यायचं होतं. मला काहीही माहीत नव्हतं. फक्त माहीत असल्यासारखं वाटत होतं, आणि ते वाटणं फार स्वच्छ होतं, नुकतीच अंघोळ झाल्यासारखं. "तो दोषी आहे हे मला माहीत आहे, पण..." आरासमधल्या त्या तरुण न्यायाधीशाकडे त्या वाक्यात एक ‘पण’ होता. माझ्याकडे त्या दिवशी तेवढाही नव्हता.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बारचे असे ठराव रद्दबातल ठरवले. बातमी मी बारच्या खोलीतच वाचली, त्याच पंख्याखाली. कुणी काही बोललं नाही.

रोबेस्पिएरची बाजू मांडायची तर बरीच आहे, आणि सवयीनं ती माझ्या मनात तयारच असते. समिती बारा जणांची होती, हा एकटा नव्हता. नाँतला माणसं नदीत बुडवणाऱ्या कारियेला, लिआँत कत्तल करणाऱ्या फूशेला परत बोलावून घेण्यात त्याचा हात होता. जिराँदवाल्यांच्या बाजूनं निषेधपत्र लिहिणाऱ्या सत्तरएक खासदारांना त्यानं यंत्रापासून वाचवलं. शेवटच्या काही आठवड्यांत तो समितीत जातही नव्हता. आणि त्याला पाडणाऱ्यांत अनेकांचे हात त्याच्याहून जास्त रंगलेले होते. तो गेल्यावर त्यांनी सगळा हिशेब त्याच्या नावावर मांडला. हे सगळं खरं आहे. एखाद्यानं त्याचं काम दिलं तर मी हेच मुद्दे घेईन. फक्त त्याच्या कायद्यानं मला ते घ्यायला उभंच केलं नसतं.

२६ जुलैला तो दोन तास बोलला. सभागृहात कटवाले आहेत, म्हणाला. "नावं सांगा!" असा ओरडा झाला. त्यानं सांगितली नाहीत, आणि त्या रात्री प्रत्येकाला आपलंच नाव त्यात दिसलं असणार. दुसऱ्या दिवशी त्याला बोलूच दिलं नाही. त्याचा आवाज चिरकला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "दांताँचं रक्त तुझ्या घशात अडकलंय." रात्री नगरभवनात त्याचा जबडा गोळीनं फुटला. स्वतः झाडली की कुणी झाडली, यावर अजून वाद आहेत. पहाटे त्याला समितीच्याच दालनाबाहेर एका टेबलावर आडवं टाकलं होतं. सभागृहानं त्याला कायद्याबाहेर घोषित केलं होतं, म्हणजे खटल्याचीही गरज नाही. न्यायाधिकरणापुढे फक्त ओळख पटवायची, हाच तो ना? हाच. २८ जुलैच्या संध्याकाळी एकवीस जणांबरोबर तो गेला. जबड्याची पट्टी जल्लादानं ओढून काढली तेव्हा त्यानं जी किंकाळी फोडली, ती चौकभर ऐकू गेली म्हणतात.

त्यानंतरच्या महिन्यांत फ्रेंचमध्ये एक नवा शब्द रुळला, ‘तेरोरिस्त’. दहशतवादी. तो सरकार चालवून उतरलेल्या माणसांसाठी होता. ‘दहशतवाद’ म्हणजे दहशतीनं राज्य करायची पद्धत. आपण आज हा शब्द नेमका उलट्या दिशेनं वापरतो, आणि असा गुन्हा ज्याच्यावर आहे त्याचं वकीलपत्र घेणाऱ्याकडे कसं बघतो, हे कुठल्याही बारच्या खोलीत बसलेल्या माणसाला सांगायला नको.

परतायच्या आदल्या दिवशी लेक म्हणाली, "तुमच्या त्या माणसाच्या नावाचा रस्ता नाही, पण मेट्रो स्टेशन आहे बघा. नऊ नंबरची लाईन, माँत्रयमध्ये. शहराच्या हद्दीबाहेर." गेलो. दुपारची वेळ होती, गाडी निम्मी रिकामी. समोर एक बाई भाजीची पिशवी पायांत धरून पेंगत होती. पॅरिसच्या मेट्रोत स्टेशनचं नाव दोनदा घेतात. पहिल्यांदा आवाज शेवटी वर जातो, विचारल्यासारखा. दुसऱ्यांदा खाली येतो.

"रोबेस्पिएर?"

"रोबेस्पिएर."

आमच्या कोर्टात पुकारा तीनदा होतो. मी दांडी धरून उभा राहिलो. दार उघडलं, ती बाई उतरली, दोन पोरं चढली.

"बाबा, उतरायचं ना?" लेक म्हणाली. तोवर दार लागलं होतं.